ललिताने काढलेलं जंगल

चामोर्शी मागे पडली, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पळस सुरू झाला आणि ललिता पुन्हा थांबली.

सकाळपासून हे असंच चाललं होतं. महाशिवरात्रीला आमच्या गावच्या बाया पायी मार्कंड्याच्या महादेवाला जातात. पहाटे अंघोळी उरकून निघालेलो. पोटात उपास, पिशवीत भाजलेल्या शेंगा, तोंडात महादेवाचं नाव. पण या पोरीचं लक्ष देवाकडे कमी आणि झाडांकडे जास्त. एखादं झाड मनात भरलं की रस्ता सोडून खाली उतरायची, बुंध्याभोवती फिरायची, मान वर करून पाहत राहायची. मी तिच्यासाठी थांबायची आणि आमचा घोळका पुढे निघून जायचा.

"अवो चला ना!" पुढून कोणीतरी ओरडलं. "देव वाट पाहून राह्यला तिकडं. झाडं का पळून जाते?"

"व्हा तुम्ही पुढं," ललिता म्हणाली. "हे झाडं त्यानंच लावले. त्याले राग नाई येत."

मग मला म्हणाली, "बाई, पाहा बरं. पळस मनला का सारे जन लाल फूल काढते. पन खोड पाहा. एक तरी पळस सरळ उभा दाखवा मले. सारे कसे कंबरेतून मोडल्यावानी."

"माझ्यासारखे," मी म्हटलं. "चल आता."

ललिता मला बाई म्हणते, कारण ती माझ्या अंगणवाडीत होती. पाटीवर तिचा हात मी धरला, असं ती लोकांना सांगते. खरं म्हणाल तर धरायची गरजच नव्हती. बाकीची पोरं रेघ ओढायला शिकत होती तेव्हा ही पाटीवर बैल काढायची, आणि त्या बैलाचं एक शिंग मोडकं असायचं. मी विचारलं, शिंग काऊन मोडकं? तर म्हणाली, "आमच्या बैलाचं मोडकंच हाय."

आमच्या झाडीपट्टीत आता ललिता कोण हे सांगावं लागत नाही. बाहेरच्यांना मात्र सांगायला हवं. दिवाळी झाली, धान घरात आलं की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट होतो आणि त्या रात्री नाटक असतं. नाटक नसेल तर पाहुणे येत नाहीत आणि पाहुणे आले नाहीत तर मंडई कसली? गावातलेच लोक काम करतात, बायकांच्या कामासाठी बाहेरून नट्या येतात, आणि पहिल्या नांदीपासून उजाडेपर्यंत लोक जागचे हलत नाहीत. नाटक म्हटलं की पडदे आले. एक रस्त्याचा, एक महालाचा, एक जंगलाचा. हे पडदे ललिता रंगवते. तिच्या हाताखाली गावातल्या मुली काम करतात, पडदे पोचवायला स्वतःचा टेम्पो आहे, आणि मंडईच्या दिवसांत तिचा फोन मोकळा सापडत नाही.

आणि एवढं असूनही, शाळकरी वयातला एक पडदा सोडला तर, आमच्या स्वतःच्या गावाने तिला कधी पडदा सांगितला नव्हता. तो सांगितला या संक्रांतीला. मंडळाचा अध्यक्ष लोकेश, नवा उत्साही पोरगा, तो ललिताच्या घरी आला. येत्या मंडईत जुनं राजाचं नाटक पुन्हा उभं करायचं, जंगलाचा पडदा ललिताने करायचा आणि म्हाताऱ्या राजाचं काम पूर्वीसारखं तिच्या वडिलांनी, लटारूभाऊंनी करायचं.

लटारूभाऊ हसले आणि म्हणाले, "मले आता मरायची घाई नाई बापा." विषय संपवून गोठ्याकडे निघून गेले.

ललिताने लोकेशला सांगितलं, "पडदा मी करीन. पन बाबा त्याच्यासमोर उभा राह्यला तरच करीन. नाई तं दुसऱ्याले सांगा."

एवढं मला ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. पडदा अडला होता तो एका म्हाताऱ्या माणसापाशी. त्याचं काय करायचं हे कोणालाच सुचत नव्हतं. म्हणून त्या दिवशी ती झाडं पाहत होती तरी तिचं मन झाडांत नव्हतं, हे मला कळत होतं. मी काही विचारलं नाही. वाटेवर माणूस आपण होऊन बोलतो.

लटारूभाऊंनी ते काम का सोडलं, हे कळायला ललिताच्या लहानपणात जावं लागेल.

तिच्या घरी स्वयंपाकाच्या खोलीत चुलीसमोरच्या भिंतीवर एक वाघ आहे. कोळशाने काढलेला. शाळेत जायच्या आधी कधीतरी तिने तो काढला. दुसऱ्या घरी असता तर पाठीत धपाटा बसला असता. तिच्या आईने, वच्छलाबाईने, तो पाहिला आणि म्हणाली, "माय वो! हा तं भाकरीकडंच पाहून राह्यला!" सणाला भिंती सारवायची वेळ आली तेव्हा तिने वाघाला हात लावला नाही. त्याच्या भोवतीने सारवलं. पुढच्या सणालाही तसंच. वर्षानुवर्षं सारवणाचे थर चढत गेले आणि वाघ होता तिथेच राहिला. आज पाहाल तर तो कोनाड्यात बसल्यासारखा आत गेलेला दिसतो. नवा माणूस आला की वच्छलाबाई आधी पाणी देते आणि मग वाघ दाखवते.

लटारूभाऊंचा जीव दोन गोष्टींत, धानाच्या शेतात, म्हणजे आमच्या बांधीत, आणि नाटकात. आवाज असा की ते बांधीवर बैलांना हाकारायचे तेव्हा रस्त्याने जाणारे थांबायचे. मंडईच्या नाटकात म्हातारा राजा त्यांचाच ठरलेला. शेवटच्या अंकात राज्य गमावलेला राजा जंगलात लेकीच्या मांडीवर प्राण सोडतो. लटारूभाऊ असे मरायचे की बाया पदर डोळ्यांना लावायच्या. शेजारच्या गावांतून लोक त्यांचं मरण पाहायला यायचे. हे मी थट्टेने लिहीत नाही. खरंच यायचे.

ललिता आठवी-नववीत असेल. त्या वर्षी मंडळाने पडद्यांची पेटी उघडली तर जंगलाच्या पडद्याला उधळी, म्हणजे वाळवी, लागलेली. नाटक तोंडावर आलेलं, नवा पडदा कुठून आणणार? सगळे डोक्याला हात लावून बसले. लटारूभाऊ म्हणाले, "माही पोट्टी काढते."

त्यांचा धाकटा भाऊ मुखरू तिथेच होता. जिभेला हाड नसलेला माणूस. म्हणाला, "दादा, पडदा मंजे पाटी होय का? पुसली अन् पुन्हा काढली?"

"पुसाचं काऊन? पह्यल्यांदाच बराबर काढन."

एवढं लांब कापड पसरायला घरात जागा नव्हती. लटारूभाऊंनी बैल बाहेर आंब्याखाली बांधले, त्यांचा कोठा झाडून घेतला, जमीन चोपून सारवली आणि पोरीला म्हणाले, हे तुझं. मुखरू येता-जाता बैलांशी बोलायचा, "या बा, तुम्ही उन्हात राह्या. इथी पोट्टी सावलीत चित्रं काढून राह्यली. पुढच्या जनमी बैल होऊ नका, लटारूची पोट्टी व्हा." बैल काय बोलणार? पण आतून ललिता ओरडायची, "काका, तुमाले पन काढते पडद्यावर. माकडं पाह्यजेच जंगलात!"

वच्छलाबाईने चिंचोक्यांची खळ शिजवली. मांजरपाटाला ती खळ लावली की कापड ताठ होतं आणि त्यावर रंग बसतो. एवढं मोठं भांडं चुलीवर पाहून शेजारणी विचारायच्या, कोणाचं जेवण आहे? खळ लावून पडदा वाळत घातला तर गाय आली आणि चाटता चाटता एक कोपराच खाऊन मोकळी झाली. ललिता रडायला लागली. वच्छलाबाईने आपल्या हिरव्या लुगड्याचा तुकडा फाडला आणि तिथे शिवला. म्हणाली, "रडू नको. जंगलात गवत लागतेच ना? हे गवत."

आता जंगल काढायचं म्हणजे काय काढायचं? जुन्या पडद्यावर उंच उंच माड होते आणि मधोमध धबधबा. ललिताने वडिलांना विचारलं, "बाबा, असं जंगल कुठी असते?"

"मी नाई पाह्यलं."

"मंग जंगल मंजे आपलंच ना?"

"दुसरं कोनतं?"

इथेच चूक झाली. आमच्याच पोरीने करावी अशी. ज्याने जंगल चित्रात पाहिलं असेल तो चित्रातलं जंगल काढेल. हिच्या घराबाहेर पडलं की जंगल. तिने ते काढलं. शाळेमागे एक मोठा मोह आहे. त्याखाली चैत्रात सुकरीबाई फुलं वेचते. सुकरीबाई गोंडाची. तिच्या सासऱ्यापासून त्या झाडाची फुलं तिच्याच घरची. ललिता तिथे जाऊन बसली, तेव्हा सुकरीबाईने विचारलं, "झाडाले इचारलं का?" मग दोघींनी मिळून बुंध्याशी तांदळाचे चार दाणे ठेवले. सुकरीबाई तिच्या बोलीत झाडाशी काहीतरी बोलली आणि म्हणाली, "काढ आता. झाड हव मनते." आमची पूजा वेगळी, त्यांची वेगळी. पण काम सुरू करण्याआधी कोणालातरी विचारावं, हे दोन्हीकडे सारखंच.

ललिताने तो मोह जसाच्या तसा काढला. वीज पडून एक फांदी काळी झालेली, तीही काढली. सुकरीबाई खाली वाकून वेचते आहे, बाजूला तिची टोपली, तेही काढलं. कोठ्यात जो आला तो पाहून गेला आणि भारी म्हणाला. जवळून पाहिलेलं ते. पडद्याच्या एका टोकाला उभं राहिलं की फांदी दिसायची, झाड दिसायचं नाही. अख्खं झाड कोणी पाहिलंच नव्हतं.

नाटक छान चाललं. शेवटचा अंक यायला पूर्वेला फटफटलं होतं. जंगलाचा पडदा खाली आला. लटारूभाऊ, म्हणजे म्हातारा राजा, जखमी होऊन अडखळत आले. नागपूरहून आलेल्या नटीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "बेटी, या अनोळखी अरण्यात माझा शेवट व्हावा, हीच का नियतीची इच्छा!" हे वाक्य ते म्हणायचे तेव्हा अंगावर काटा यायचा.

नेमकं तेव्हाच उजाडलं. आमचा रंगमंच शाळेच्या पटांगणात. मागची कनात ठेंगणी. कनातीच्या वर खरा मोह उजेडात आला आणि त्याच्या खाली पडद्यावर तोच मोह, तीच काळी फांदी.

पहिल्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "अनोळखी काऊन? हा तं शाळंमागचा मोह!"

"अरे हव! सुकरीबाईचा मोह!"

"राजेसाहेब, घर इथीच हाय तुमचं! दोन मिनटं चाला, चहा पिऊन मरा!"

आणि मग बायकांमधून सुकरीबाई उभी राहिली. पडद्याकडे बोट करून तिने सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "मीच व्हय थे! टोपली माहीच हाय!"

मांडव कोसळला म्हणतात ना, तसं झालं. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. नटीने तोंड फिरवलं, तिचे खांदे हलत होते. पेटीवाल्याचे हात थांबले. एकटे लटारूभाऊ थांबले नाहीत. त्या गोंधळात त्यांनी उरलेलं भाषण शेवटपर्यंत म्हटलं, एक शब्दही न गाळता, आणि मान टाकली. पडदा पडेपर्यंत ते निपचित पडून होते. पोटसुद्धा हललं नाही.

मागे तालीममास्तर लालबुंद. "कोणी काढलं हे झाड? नाटकाचं वाटोळं केलं!"

रंग न पुसलेले लटारूभाऊ उठले, पडद्यासमोर गेले, त्या काळ्या फांदीवर तळवा ठेवला. "माह्या पोरीनं काढलं," ते म्हणाले. "अन् एवढ्या मोठ्या मांडवानं एका झटक्यात वळखलं."

ललिता पडद्यांच्या पेटीआड लपून रडत होती. तिने हे ऐकलं. ती म्हणते, "बाई, तिथून पुढं मले कोनी का मनते याची भीती गेली."

लगेच नाही गेली हं. काही दिवस तिने कुंचला हातात धरला नाही. वच्छलाबाईने देवासमोर दिवा लावून मार्कंडेश्वराला नवस केला, पोरीचा हात चालू दे, दरवर्षी पायी येईन. ती दरवर्षी येत होती, माझ्यासोबतच. यंदा गुडघ्यांनी नाही म्हटलं, म्हणून तिच्या जागी ललिता.

देवाने ऐकलं ते असं. गोंडपिपरीकडच्या एका गावातून चार माणसं विचारत विचारत आली. "ते हसवनारी पोट्टी कोनाची?"

वच्छलाबाई घाबरली. दारातूनच म्हणाली, "लेकरू हाय हो. चुकलं. आता नाई काढत."

"अवो बाई, काढत नाई कशी? आमाले पाह्यजे! आमच्या गावचा तलाव, त्याच्या पाळीवरचं देऊळ, सारं तसंच पाह्यजे. मंडईत पाहुन्यायनं पाह्यलं पाह्यजे का आमचं गाव कसं हाय."

लटारूभाऊंनी पोरीला एसटीत बसवलं आणि त्या गावी नेलं. ललिता वही काढायला लागली तर म्हणाले, बस आधी. पारावर बसून त्यांनी लोकांना एकच विचारलं, "तुमच्या गावात भांडन झालं का मिटवाले कुठी बसता?" कोणी म्हणालं चिंचेखाली, कोणी म्हणालं आता बसतच नाही, आधी कडुनिंबाखाली बसायचो, तो पडला. अशा गोष्टी निघत गेल्या. संध्याकाळपर्यंत ललिताला अख्खं गाव कळलं होतं आणि कागदावर एक रेघ नव्हती. पडलेला कडुनिंबही तिने पडद्यावर उभा केला. त्या गावचे म्हातारे पडद्याजवळ येऊन त्याची फांदी अन् फांदी दाखवत होते म्हणे.

आजही ती असंच काम करते. आधी गावात जाऊन बसायचं आणि भांडण कुठे मिटतं ते विचारायचं. लोक त्याला गावपडदा म्हणतात. मधल्या काळात फ्लेक्स आले, स्वस्त आणि चकचकीत. त्यावर बर्फाचे डोंगर. धानाच्या बांधीत मंडई आणि मागे बर्फ! वारा आला की फ्लेक्स असा फडफडायचा की राणीचं रडणं ऐकू येईना. दोन-तीन हंगाम ललिताला काम कमी होतं. तेव्हा लटारूभाऊ म्हणाले, "बर्फ पाहून पाहून लोकायले थंडी वाजन, मंग येतीन." आले.

लग्नाची गोष्ट सांगितली नाही तर अंकुश रागवेल. अंकुश चामोर्शीचा शिंपी. मुलगी पाहायला आला. बाकीचे विचारत होते स्वयंपाक येतो का. हा मान वळवून कोठ्यात टांगलेला पडदा पाहत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "हे शिवन कोनाची होय? जोड सारा वाकडा हाय." ललिता म्हणाली, "मंग तुम्ही शिवा ना." त्याने शिलाई मशीन उचलून आमच्या गावी आणलं. लोक घरजावई म्हणून चिडवायचे तर म्हणायचा, "घरजावई काऊन मनता? मी तं कोठ्यात राह्यतो." आणि मुखरूकाका? टेम्पो तोच चालवतो. गावात शिरला की हॉर्न वाजवून ओरडतो, "बाजू व्हा, आमच्या घरचं जंगल आलं!" प्रत्येक पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात अजूनही वच्छलाबाईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा असतो. आता गाय खात नाही, पण तुकडा असतो.

आणि लटारूभाऊ? त्या पहाटेनंतर त्यांनी तोंडाला रंग लावला नाही. पहिल्या वर्षी म्हणाले कापणी राहिली आहे. दुसऱ्या वर्षी घसा बसला. रस्त्यात कोणी हाक मारायचं, "का लटारूभाऊ, यंदा केव्हा मरता?" तेही हसायचे. ललिता मोठी झाल्यावर तिने एकदा सरळ विचारलं तर म्हणाले, "एका घरातून किती जन चढतीन स्टेजवर? आता पडदा हाय ना आपला." एवढ्यावर तिने सोडून दिलं होतं.

मार्कंड्याला पोचलो तेव्हा जत्रा ऐन भरात होती. देवळाभोवती रांग, बेलाची पानं, नारळाचा वास, हर हर महादेवाचा गजर. दर्शन झालं. वच्छलाबाईच्या नावाने ललिताने पिंडीवर पाणी घातलं आणि बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मागच्या बाईने ढकललं तेव्हा हलली.

मग आम्ही नदीवर गेलो. वैनगंगा तिथे उलटी, उत्तरेकडे वाहते. पाय पाण्यात सोडून बसलो. आमच्या बाया पलीकडे रताळी सोलत होत्या. ललिता म्हणाली, "बाई, लोकेश येऊन गेला ना, त्या दिवशीची गोष्ट सांगते. मी कोठ्यात रंग घोटत होती. भिंतीपलीकडं बाबा आईशी बोलून राह्यला होता. मले वाटलं मनन का वय झालं, पाठांतर होत नाई. नाई, बाई. एवढंच मनला, 'वच्छला, पुन्हा हसले तं?'"

पाणी पायांवरून जात होतं.

"इतकी वर्षं," ती म्हणाली. "त्या हसन्यावर माहं घर चाललं, टेम्पो आला, लग्न झालं. अन् बाबानं ते एकट्यानं धरून ठेवलं. मले कधी जानवू नाई देल्लं."

"मग तू दुसरं झाड काढ," मी म्हटलं. "माड काढ, धबधबा काढ. कोणी ओळखणार नाही, कोणी हसणार नाही."

"ते खोटं होईल. बाबालेच चालनार नाई. अन् गावाले तोच मोह पाह्यजे." तिने ओंजळीत पाणी घेतलं, सोडून दिलं. "बाई, एक मागू का?"

"आत्ताच तर देवाला मागून आलीस."

"देवाले मागतलं ते देवाच्या हातचं. हे तुमच्या हातचं हाय. तुम्ही शाळंच्या गॅदरिंगले नाटकं लिहून देता ना, पोट्ट्यायले? एक बाबासाठी लिहा. राजाचं नको. मोठं पन नको. एक म्हातारा मोहाखाली बसला हाय, एवढंच. त्याले मारू नका. बोलन तो, येनाऱ्या-जानाऱ्यायशी, जसा बांधीवर बोलते तसा. लोक हसले पाह्यजे, बाई, पोट धरून हसले पाह्यजे. पन त्याले आधीपासून माहीत असलं पाह्यजे का आता लोक हसनार हाय."

पलीकडून बाया हाका मारत होत्या, रताळी झाली म्हणून. ललिता उठली, लुगड्याचा ओला काठ पिळला, मला हात दिला आणि म्हणाली,

"अन् सुकरीबाईले पन एक वाक्य द्याच. नाई देल्लं तं ते सोताच उठून बोलन."